पाळणा उतरायच्या आधी

आमचे संपादक पुढच्या दिवाळीचा विषय आधीच्या दिवाळीच्या फराळासोबतच सांगून ठेवतात. या वेळचा विषय होता मौजेच्या जागा आणि तिथले शेवटचे दिवस. सुट्टी सरत आलेली, परतीचं तिकीट काढून झालेलं, अशा वेळी माणसं कशी हिंडतात ते जाऊन बघा, असं त्यांचं म्हणणं. मी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाणार होते. 2013 मध्ये सुरू झालेली ती बाग मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत आहे, तिथं अशी कुटुंबं हमखास भेटली असती. पण डिसेंबरात माझा चुलत भाऊ बायकोमुलांना घेऊन अमेरिकेहून गंगाखेडला आला आणि मी खोपोलीऐवजी गंगाखेडची गाडी धरली.

ओसरीवरचा ताणकाटा

मी पोचले तेव्हा काकूंच्या ओसरीत आढ्याला ताणकाटा टांगलेला होता. हा काटा कापसाचा. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी रानात बायकांची गाठोडी त्याच्या आकड्याला अडकवायची, काटा कुठवर उतरतो ते बघायचं आणि किलोच्या हिशोबानं मजुरी मांडायची. आज त्या आकड्याला निळी बॅग लोंबकळत होती. विमानात माणशी दोन बॅगा, एकेक 23 किलोची. चार माणसं, आठ बॅगा.

“सव्वीस भरतेय,” दादा म्हणाला.

“काढते काहीतरी,” काकू म्हणाल्या. बॅग उघडली, आतलं सगळं एकदा हातानं चापसलं आणि तशीच बंद केली.

आत येसर होतं, कारळाची चटणी होती, बाजरीच्या खारोड्या होत्या आणि ज्वारीचं पीठ होतं. वहिनी हळूच म्हणाली, “आई, पीठ तिथं मिळतं हो.” काकू म्हणाल्या, “मिळत असंल. हे आपल्या रानातलं आहे.” त्यावर वहिनीनंच स्वतःच्या दोन साड्या बाहेर काढल्या. बॅग पुन्हा आकड्याला लागली.

जायला चार दिवस उरले होते. दादाचा बेत ठरलेला होता: दोन दिवस आधीच हैदराबादला जायचं, तिथल्या वंडरला बागेत मुलांना खेळवायचं आणि तिथूनच शमशाबादचा विमानतळ गाठायचा. नऊ वर्षांच्या भाच्यानं त्या बागेतल्या सगळ्या झोक्यांची आणि घसरगुंड्यांची नावं पाठ केली होती. पाच वर्षांची भाची दर तासाला विचारायची, “आपण घरी कधी जाणार?” तिच्या लेखी घर म्हणजे डॅलसजवळचं. काकूंना हा प्रश्न कळायचा, पण त्या उत्तर द्यायच्या नाहीत, तिच्या हातावर गुळशेंगदाणे ठेवायच्या.

बेत मोडला तो पंचांगानं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी त्या वर्षी डिसेंबरच्या अगदी शेवटी आली होती. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. “चतुर्दशीला माळेगाव. अमावस्येला येळवस, माझ्या भावाच्या रानात. त्याच्यापुढं कुठं जायचं ते जा बाबा.” दादानं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही, कारण मला माळेगावलाच जायचं होतं.

गंगाखेड हे जाणाऱ्यांचं गाव आहे. गोदावरी इथं गंगाच म्हणवली जाते आणि तिच्या दक्षिण काठावर हे गाव वसलंय. या गावाची सगळ्यात मोठी लेक म्हणजे जनाबाई. ती लहानपणीच इथून पंढरपूरला गेली, नामदेवांच्या घरी दळणकांडण करत वाढली आणि तिथलीच झाली. जन्मगाव म्हणून तिचं मंदिर मात्र इथं गंगेच्या काठी आहे. दक्षिणेकडं बालाघाटाचे डोंगर सुरू होतात. तिथल्या तांड्यांतून आणि वाड्यांतून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. आम्ही आलो तेव्हा त्या वाड्यांत म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं होती. अमेरिकेहून आलेल्या मुलाला निरोप देणं काकूंना जड जात होतं हे खरं, पण निरोप ही या मुलखात नवी गोष्ट नाही. त्याचे महिने ठरलेले आहेत.

पालम, लोहा, माळेगाव

चतुर्दशीला पहाटे निघालो. थंडी बोचरी होती. पालमपर्यंत रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या लागत होत्या, लोह्यापासून पुढं जत्रेची गर्दी. नांदेड-लातूर रस्त्यावरचं माळेगाव एरवी छोटं गाव आहे. खंडोबाच्या या यात्रेत ते काही दिवसांसाठी शहर होतं. महाराष्ट्रात खंडोबाचा मुख्य सण चंपाषष्ठी, तो मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला होऊन गेलेला असतो. माळेगावचा खंडोबा आपली जत्रा महिन्याच्या शेवटाला भरवतो. तोवर खरीप घरात आलेलं असतं, कापसाचे थोडे पैसे हातात असतात, रब्बीची ज्वारी रानात उभी असते आणि चार दिवस घर सोडता येतं.

पालखी निघाली तेव्हा आम्ही मंदिराच्या वाटेवर होतो. येळकोटाचा गजर उठला आणि वरून भंडारा आला. पिवळी धूळ इतकी दाट की क्षणभर शेजारचं माणूस दिसेना. भाची आधी घाबरली. मग तिनं स्वतःचा हात बघितला, माझं तोंड बघितलं आणि हसायला लागली. वाघ्या-मुरळीचा एक ताफा वाटेत उभा होता. काकूंनी तळी भरली, खोबऱ्याचे तुकडे पोरांच्या हातावर दिले.

मग जनावरांचा बाजार. इथं मी दोन तास रमले. लाल कंधारी बैल, गडद तांबूस अंगाचे, या शेजारच्या कंधार तालुक्याचं नाव मिरवणारे. काळ्यापांढऱ्या देवणी गाई. घोडे आणि गाढवं. भाव तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं धरून आकडा सांगतात. किती बोटं धरली, ती कशी दाबली, त्यावर हजार आणि शेकडा ठरतो. आजूबाजूला वीस माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. पहिला भाव नाकारला गेला तरी कुणाची शोभा होत नाही, ही त्यातली मोठी सोय. दादा लहानपणी त्याच्या वडिलांबरोबर इथं येऊन बैल घेऊन गेला होता. त्यानं मुलाला रुमालाखाली हात धरून ते शिकवलं. मुलानं बापाची तीन बोटं दाबली. “काय विकत घेतलंस?” मी विचारलं. तो म्हणाला, “आत्या, ते सांगायचं नसतं.”

भुईवर दिसणारं काम

पाळण्यांचं मैदान बाजाराच्या पलीकडं होतं. दोन आकाशपाळणे, टोराटोरा, ब्रेकडान्स, ड्रॅगनची आगगाडी, मौत का कुआँ. भाच्यानं आधी तोंड वाकडं केलं. तो ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जाऊन आलेला आहे आणि तिथलं सगळं त्याला याहून देखणं वाटतं. ते आहेच.

पण एक फरक मला त्या दिवशी फार जाणवला. ऑर्लँडोची ती बाग 1 ऑक्टोबर 1971 ला उघडली. तिच्या पोटात बोगदे आहेत. तिथल्या जमिनीत पाणी फार वर, म्हणून बोगदे खोदले नाहीत. ते भुईच्या पातळीवर बांधले, शेजारचं तळं खणून निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि वर बाग वसवली. पाहुणे चालतात ती जमीन खरं म्हणजे दुसरा मजला आहे. कामगार, कचरा, कपडे, सामान सगळं खालून हलतं, म्हणजे परीकथेत झाडूवाला दिसू नये. मेहनत दिसली तर मौज भंगते, असा त्यामागचा हिशोब.

माळेगावात पाळण्याखालीच चूल होती. पाळणेवाल्याची बायको भाकरी थापत होती आणि तिच्या डोक्यावरून बारा रंगीत डबे गरगरत होते. तिचा नवरा मोटारीच्या खटक्यापाशी उभा होता. मोठा मुलगा तिकिटं फाडत होता. सात-आठ वर्षांची मुलगी उतरणाऱ्या गिऱ्हाइकांच्या डब्याची कडी काढत होती. (तिनं त्या वेळी शाळेत असायला हवं होतं. हे लिहिताना माझा हात अडखळतो, पण ती तिथं होती.) भाचा तिकिटाच्या रांगेतून बाहेर येऊन चाकाच्या बुडाशी जाऊन उभा राहिला आणि अर्धा तास हलला नाही.

पाळणेवाले दादा बोलके होते. चाकाच्या मध्यभागी बैलगाडीच्या चाकाला असतो तसा तुंबा. त्यातून आरे निघतात, आऱ्यांच्या टोकांना कडं, कड्याला डबे. सगळं नटबोल्टवर आणि पिनांवर. खाली लाकडी ओंडक्यांची बैठक. काळ्या रानात ही बैठक हेच अर्धं काम, ते म्हणाले, कारण ही माती पाणी लागलं की फुगते आणि वाळली की भेगाळते. चाक उभं करण्याआधी पाणसळ लावायची आणि रोज सकाळी पुन्हा लावून बघायची. एक बाजू दोन बोटं जरी खचली तरी चाक कुरकुरतं, आणि कुरकुरलं की थांबवायचं, मग गर्दी कितीही असो. डबे भरायचे ते समोरासमोरचे. एका बाजूला जाड माणसं बसवली आणि समोर पोरं, तर मोटार चढाला ओढते आणि उताराला चाक धावतं. म्हणून रांगेकडं बघून तो आधीच मनात जोड्या लावत असतो. आम्हाला बसवताना त्यानं काकूंना आणि वहिनीला एका डब्यात घातलं आणि समोरच्या डब्यासाठी रांगेतले दोन पैलवान गडी हातानं पुढं बोलावले. काकू हे समजून मनापासून हसल्या.

आकाशपाळण्याचा जुना भाऊ रहाटपाळणा. विहिरीचा रहाट फिरतो तसा फिरणारा म्हणून हे नाव. चार लाकडी पेट्या, दोन माणसं हातानं फिरवणारी. इंग्रज प्रवासी पीटर मंडी यानं 1620 मध्ये बाल्कन मुलखात असे पाळणे बघून त्यांचं वर्णन आणि चित्र करून ठेवलंय. म्हणजे जत्रेतला हा खेळ किमान चार शतकं जुना. लोखंडी महाचाक आलं ते 1893 मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. जॉर्ज फेरिस यांचं ते चाक 264 फूट उंच होतं. 36 डबे, एकेका डब्यात साठ माणसं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, म्हणून ते साल आपल्याला पाठ असतं. चाकाचं पुढं काय झालं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. प्रदर्शन संपल्यावर ते उतरवलं, शिकागोतच दुसरीकडं उभारलं, तिथून पुन्हा उतरवून 1904 च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनाला नेलं आणि 1906 मध्ये सुरुंग लावून पाडलं. जगातलं पहिलं महाचाकही असंच बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत होतं.

इथल्या पाळण्यांचीही एक वाट असते. माळेगाव उलगडलं की कुणी सोलापूरच्या गड्ड्याला जातं, तो संक्रांतीचा. कुणी फेब्रुवारीत परभणीला, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला. महाशिवरात्रीला परळी आणि लातूर, चैत्री पौर्णिमेला येरमाळा. पावसाळा लागला की चाकं झाकून गावी. भाच्यानं त्या कड्या काढणाऱ्या मुलीला त्याच्या मोडक्या मराठीत विचारलं, “तुमचं घर कुठं आहे?” तिनं आधी ट्रककडं हात केला. मग जरा विचार करून म्हणाली, “पावसात गावाला असतंय.”

मौत का कुआँ मी फक्त बाहेरून समजावून दिला, पोरांना वर नेलं नाही. फळ्यांची उभी गोल भिंत, आत मोटरसायकल. वेगानं गोल जाणारी गाडी सरळ जाऊ बघते, भिंत तिला आत वळवते, आणि भिंतीवर चाक जितकं दाबलं जाईल तितकं घर्षण तिला खाली घसरू देत नाही. वेग कमी झाला की ती पकड सुटते. वरून लोक नोटा धरतात आणि गाडीवाला एक हात सोडून त्या घेतो. ते मला बघवत नाही. माणसाच्या जिवावर इतकी थोडी किंमत लावलेली बघून पोटात ढवळतं.

लाकडी विमान

संध्याकाळी काकू फोटोच्या पालाशी थांबल्या. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आलाय, तरी जत्रेतला हा फोटोवाला अजून तग धरून आहे. मागं रंगवलेला पडदा, एका बाजूला ताजमहाल, दुसऱ्या बाजूला धबधबा, आणि पुढं प्लायवूडचं कापलेलं विमान. पांढरं, निळा पट्टा, चार खिडक्या. खिडक्यांतून तोंडं बाहेर काढायची.

काकू कधी विमानात बसलेल्या नाहीत. दादानं तीनदा बोलावलं, एकदा पासपोर्टही काढला. मग शेळी व्यायची होती, मग काकांचं गुडघ्याचं दुखणं, मग काका गेले. पासपोर्ट कपाटात साडीच्या घडीत आहे.

“मी पुढं बसते,” त्या म्हणाल्या आणि पहिल्या खिडकीत गेल्या. मागच्या खिडकीत भाची, मग भाचा, मग दादा. वहिनी आणि मी बाहेर. फोटोवाल्यानं सवयीनं सांगितलं, “आजी, पुढं बघा, इकडं माझ्याकडं.” काकूंनी पदर सारखा केला. त्यांच्या कपाळाला भंडारा होता, कानाला स्कार्फ गुंडाळलेला होता, आणि त्या इतक्या गंभीर होत्या की जणू गाडी सुटायची वेळ झालीय. भाची मागून ओरडली, “आजी, आपण घरी चाललो!”

मी दादाकडं बघितलं. त्यानं खिडकीतलं डोकं आत घेतलं होतं. फोटोवाल्याला दोनदा सांगावं लागलं.

येळवस

दुसऱ्या दिवशी अमावस्या. काकूंचं माहेर अहमदपूरकडचं. लातूरच्या त्या पट्ट्यात मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे वेळा अमावस्या, बोलीत येळवस. गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप उभी करतात, आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडतात, उभ्या ज्वारीची पूजा होते. जेवणात भज्जी, म्हणजे रानातल्या भाज्या आणि ओले दाणे बेसनात शिजवलेले; बाजरीचे उंडे; आणि माठातली आंबील. येईल त्याला वाढायचं, मग तो ओळखीचा असो की रस्त्यानं जाणारा.

काकूंच्या भावाच्या रानात आम्ही वीस-बावीस जण होतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तिथं काही घडलं नाही. भाचा झाडाला बांधलेल्या झोक्यावर तासभर बसला. वंडरलाचं नाव त्यानं काढलं नाही, आणि कुणी त्याला विचारलंही नाही. भाचीनं दोन भांडी आंबील प्यायली आणि कोपीत झोपली. काकू तिच्याशेजारी बसून राहिल्या, तिच्या अंगावरच्या माश्या पदरानं वारत. ऊन कलल्यावर म्हणाल्या, “उठवू नका. झोपू द्या लेकराला. आता बॅगाच तर बांधायच्यात.”

बॅगा रात्री बांधल्या. ताणकाटा पुन्हा आढ्याला. शेवटच्या बॅगेत एक किलोची जागा उरली तेव्हा काकूंनी फोटोचं पाकीट आणलं. त्यांनी दोन प्रती काढून घेतल्या होत्या. एक त्यांच्याकडं राहिली, पासपोर्टजवळ.

उतरवणी

मी त्यांना पोचवायला हैदराबादपर्यंत गेले. उदगीर, बीदर, मग तेलंगणातला रुंद रस्ता. शमशाबादच्या दारात माणसं एकमेकांना सोडतात ते दृश्य सगळ्यांनी बघितलेलं असतं. काकू आल्या नव्हत्या. गंगाखेडच्या दारातच त्यांनी पोरांच्या हातावर दही घातलं आणि गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या.

परतताना अहमदपूरहून गंगाखेडची वाट धरण्याऐवजी मी लोह्याच्या दिशेनं वळले. माळेगावचं मैदान उलगडत होतं. बाजारतळावर वैरणीचे उरलेले पेंढे, खुंट्यांची भोकं, राखेची वर्तुळं. एक आकाशपाळणा निघून गेला होता. दुसरा, आमचा, अर्धा उतरला होता.

उतरवणी बघण्यासारखी असते. डबे जोडीनं काढतात, समोरासमोरचे, भरताना जशा जोड्या लावल्या तशाच. एकीकडचे सगळे आधी काढले तर चाक स्वतःच्याच वजनानं फिरेल. मग कडं, मग आरे, एकेक दोरानं खाली. प्रत्येक आऱ्यावर रंगानं आकडा, म्हणजे पुढच्या मैदानात शोधाशोध नको. पिना मोजून गोणीत. एक कमी भरली तर ती सापडेस्तोवर ट्रक हलत नाही. तुंबा सगळ्यात शेवटी. बैठकीचे ओंडके ट्रकमध्ये वरच्या बाजूला, कारण पुढच्या गावात तेच आधी लागणार. ते कुणालाही विचारावं लागत नव्हतं. बाई पाल सोडत होती, मुलगा पाना घेऊन वर होता, मुलगी पिना मोजत होती, मोठ्यानं, बोटं न वापरता.

मला बघून पाळणेवाले दादा म्हणाले, “गेली का पाहुणे मंडळी?”

“गेली.”

“आम्हीबी निघालो बगा. सोलापूर.”

मुलीचा आकडा चुकला. तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली. काकू आणि वहिनी बसल्या होत्या तो हिरवा डबा, सात नंबरचा, ट्रकमध्ये उताणा ठेवला होता. त्यात तवा, काठवट, पिठाचा डबा आणि दोन गोधड्या भरून झाल्या होत्या, आणि कोपऱ्यात अजून थोडी जागा होती.